सुजलेल्या गालाचं गाऱ्हाणं

मी आता जे सांगणार आहे त्यावर या खोलीतला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये, असं मी आधीच बजावून टाकलं. म्हणजे मागाहून कुरकुर नको.

खोली म्हणजे माजिवड्याच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली बाहेरची. बाई जबड्याच्या डॉक्टर. आत त्या कुणाचा तरी जबडा उघडून बसल्या होत्या आणि बाहेर आम्ही आपापले जबडे धरून बसलो होतो. माझ्यासमोर शिवानी नावाची एक कॉलेजातली मुलगी होती, नाकापर्यंत ओढणी गुंडाळलेली, आणि तिच्या बाजूला तिची आई भावनाताई. मुलीचा खालचा जबडा पुढे आलेला होता, दातावर दात बसत नव्हता, म्हणून तो कापून मागे घेतला होता. ऑपरेशन होऊन महिना उलटला तरी गाल खाली बसेनात आणि पोरगी घराबाहेर पडेना. भावनाताईंनी माझा डावा गाल पाहिला आणि विचारलं, काका, तुमची सूज किती दिवस राहिली हो?

माझी बायको शालन शेजारीच पेपरातलं शब्दकोडं सोडवत होती. ती मान वर न करता भावनाताईंना म्हणाली की आता तुमचा नंबर लागेपर्यंत सुटका नाही.

राहिली कसली, अजून आहे. दिवाळीत शंकरपाळी चावताना माझी दाढ हलली. दाढ हलली म्हणून फोटो काढला. तो मोठा फोटो असतो ना, ज्यात सगळे दात एका ओळीत हार मांडल्यासारखे दिसतात, तो. त्यात दाढेच्या मुळाशी सुपारीएवढं काळं दिसलं. बाई म्हणाल्या, गाठ आहे, पाण्याची आहे, आतून हाड खातेय, काढायला हवी. काढली. हाड पातळ झालं होतं म्हणून पट्टी बसवली आणि स्क्रू मारले. गाठीचा तुकडा तपासायला गेला, तो साधा निघाला. कॅन्सर नाही, असं बाईंनी तोंडाने सांगितलं आणि कागदावरही लिहून दिलं. आणि मी, सखाराम, माझ्या उभ्या आयुष्यात तंबाखूला बोट लावलेलं नाही. चुना नाही, मिश्री नाही, लग्नातलं पानसुद्धा नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरून आहे.

तर सूज. ऑपरेशनच्या दिवशी गाल पुरीएवढा होता. दुसऱ्या दिवशी भटुऱ्याएवढा झाला. घरी सोडलं त्या दिवशी डोंबिवलीत आमच्याच इमारतीच्या वॉचमनने मला गेटवर अडवून कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं. शेअर रिक्षात मागे तिघं बसतात. माझ्या डाव्या हाताला जो बसायला आला त्याने रिक्षावाल्याला सुनावलं की इथे आधीच चौघं बसलेत. माझा मोबाईल चेहरा बघून उघडतो, तो मला ओळखच दाखवेना. मग एकदा शालनने बाजारातून आणलेला दुधी ओट्यावर ठेवला आणि मोबाईल त्याच्यासमोर होता, तर उघडला. दुपारी गच्चीत उन्हाला बसलो की माझ्या गालाच्या सावलीत शेजाऱ्यांचं मांजर येऊन झोपायचं. खडवलीला एका लग्नाला गेलो तर उजवीकडून बघणाऱ्या वधूपक्षाने मला ओळखून बसवलं आणि डावीकडून बघणाऱ्या वरपक्षाने नवरदेवाचा कसाऱ्याचा मामा समजून पुन्हा बसवलं. दोन पंगतींची पानं माझ्यापुढे. चावता येत नव्हतं हा भाग वेगळा.

शिवानीच्या ओढणीच्या आत काहीतरी हललं. हसायला येत होतं बिचारीला, पण गाल ताणला की दुखतं, ते मला माहीत आहे. शालनने कोड्यातला एक शब्द भरला. या सगळ्यावर ती कधीच हरकत घेत नाही. चाळीस वर्षं ऐकतेय.

पण गंमत बाजूला ठेवा. हाल काय होतात ते या मुलीला विचारा. खालचा ओठ अर्धा बधिर. पाणी प्यायलं तर अर्धं बनियनवर. हनुवटीला भात चिकटलाय हे आपल्याला कळत नाही, समोर बसलेली शालन स्वतःच्या हनुवटीवर बोट आपटायची तेव्हा कळायचं. गालावरचा काळानिळा रंग हिरवा होऊन मग पिवळा झाला आणि मानेवर उतरला. दोन उशा लावून बसल्या बसल्या झोपायचं. जेवण सगळं मिक्सरमधून. वरणभात मिक्सरमधून, थालीपीठ दुधात घालून मिक्सरमधून. मी जन्मात पहिल्यांदा बांगडा प्यायलो.

आणि तोंड उघडेना. चमच्याचा दांडा आत जायचा नाही. बाईंनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या होत्या. एकावर एक रचायच्या, दातांत धरायच्या, सवय झाली की मध्ये आणखी एक सरकवायची. अशा तऱ्हेने जबडा उघडत आणायचा. माणूस म्हणजे गंजलेली खिडकी झाला की हो. बोलायला जावं तर बाहेर पडायचं ते ऊं आणि आं.

बाईंना विचारलं की सूज कधी जाईल, तर त्या म्हणायच्या, थोडे दिवस. महिन्याने विचारलं, थोडे दिवस. एकदा शालनने त्यांना धरलंच, की थोडे म्हणजे किती ते सांगा. तेव्हा त्यांनी नीट सांगितलं की मोठी सूज दोन-तीन आठवड्यांत जाते, पण आतली घट्ट सूज महिनोन्‌महिने रेंगाळते, काहींना वर्ष लागतं, एका बाजूला जास्त राहते, सकाळी वाढते, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. दुखायला लागली, लाल झाली, ताप आला, तर मात्र धावत या. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? माणूस आरशासमोर रोज स्वतःला कोसतो. भावनाताई, तुम्ही आत गेलात की हे सगळं खडसावून विचारा. थोडे दिवस ऐकून बाहेर येऊ नका.

पण डॉक्टरवर माझा खरा राग नाही. राग आहे तो भेटायला येणाऱ्यांवर.

आपल्याकडे माणसाचा पाय सुजला तर विचारतात कुठे पडलात. हात सुजला तर विचारतात काय चावलं. गाल सुजला की कुणी काही विचारतच नाही. सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं. तंबाखू. आणि तंबाखू म्हटलं की पुढचंही माहीत असतं. माणसं दारातून आत येतात ती चपला हळू काढून. आवाज खाली. खुर्ची जवळ ओढून माझा हात हातात घेऊन बसायची. ज्यांनी वीस वर्षांत कधी माझा हात धरला नाही, ते कुरवाळत बसायचे. मग पाणी पिण्याच्या निमित्ताने आत जाऊन शालनला विचारायचे, कुठली स्टेज आहे?

शालनचा मावसभाऊ बाळकुमहून आला, वेलची केळी घेऊन. जबड्यात काड्या घालून बसलेल्या माणसाला केळी. मी त्याला जीव तोडून सांगत होतो की अरे बाबा, गाठ पाण्याची होती, मी तंबाखू खात नाही. त्याला ऐकू जात होतं ऊं ऊं ऊं. त्याने रुमालाने डोळे पुसले आणि शालनला म्हणाला, त्रास होतोय गं त्यांना, बोलू देऊ नकोस.

शालनने रिपोर्ट पुढे केला. त्याने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि तिला एका बाजूला घेऊन शाबासकी दिली, की पेशंटला दाखवायला वेगळा रिपोर्ट करून घेतलास हे बरं केलंस. आता बोला. आपल्या माणसांना खोटं पटकन पटतं, कारण घरोघरी तेच चालतं. आजाऱ्याला सांगायचं अल्सर आहे, आणि बाकी सगळ्या गावाला सांगायचं काय ते. त्यामुळे खरा कागद दाखवला की तोच खोटा ठरतो.

कुणी आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून घेऊन आलं. मी मान हलवून नको नको म्हणतोय, तर त्याचाही अर्थ वेदना असा लावला आणि गालभर लेप थापला. दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवायला आलो तर तो पिवळा गाल बघून त्या मलाच ओरडल्या. मी म्हटलं, ऊं.

आणि खरं सांगू? एका दुपारी मलाच वाटायला लागलं. एवढी माणसं रडतायत, ती सगळीच मूर्ख कशी असतील? माझ्यापासून लपवत तर नसतील? मी शालनचा पदर धरून रिपोर्टाकडे बोट दाखवलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, मरायला टेकलेल्या माणसाला मी असला गाळलेला बांगडा पाजला असता का, चांगलं तळून पुढ्यात ठेवला असता. मग मला बरं वाटलं.

हे सगळंही मी गिळलं असतं, मिक्सरमधून काढल्यासारखं. पण एके दिवशी महिपत आला.

महिपत म्हणजे आमच्या करंजकोंड ग्रामस्थ मंडळाचा अध्यक्ष. आमचं गाव रत्नागिरीकडे, पण गावात आता चार म्हातारी आणि सहा कुत्री. बाकी सगळं गाव डोंबिवली, कल्याण, ठाणे. म्हणून देवीची वार्षिक पूजा आम्ही डोंबिवलीत हॉल घेऊन करतो, सव्वीस जानेवारीला, सगळ्यांना सुट्टी असते म्हणून. पूजा झाली की प्रसादाच्या आधी गाऱ्हाणं होतं. भावनाताईंचं माहेर देशावरचं, त्यांना हे ठाऊक नव्हतं, म्हणून सांगितलं. एक जण हातात नारळ घेऊन देवीसमोर उभा राहतो आणि सगळ्या गावाच्या वतीने देवीपाशी बोलतो. कुणाचं काय वाकडं झालंय, कुणाला काय हवंय, कुणी कुणाला छळलंय, ते खणखणीत आवाजात. त्याच्या दर वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी एकसुरात म्हणायचं, व्हय म्हाराजा. नारळ हातात घेऊन पहिलं वाक्य निघालं की मध्ये कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही, आणि गप्प तर अजिबात बसायचं नाही. जो व्हय म्हणत नाही, गाऱ्हाण्यातलं वाईट ते त्याच्या दारात जातं, अशी आमच्याकडची समजूत. त्यामुळे हॉलभर लोक मोबाईल खाली ठेवून व्हय म्हणतात, अगदी इंजिनियर झालेलेसुद्धा.

ते गाऱ्हाणं आमच्या घराकडे आहे. माझा आजा घालायचा, बाप घालायचा, बाप गेल्यापासून मी. माझ्याकडे दुसरं काय आहे हो? मिलमध्ये कारकून होतो, मिल गेली. मुलगा पुण्याला. गावचं घर कौलांसकट बसलं. वर्षातून एकदा अख्खं गाव माझ्या तोंडाकडे बघतं आणि मी जे म्हणेन त्याला व्हय म्हणतं, एवढी एक गोष्ट माझी आहे.

महिपत आला, शहाळं घेऊन. माझा गाल बघितला, एकदम मान खाली घातली. मग म्हणाला की सखातात्या, तू आता आराम कर. यंदा गाऱ्हाणं सिद्धेश घालील. सिद्धेश म्हणजे त्याचाच पुतण्या, कंपनीत कॉम्प्युटरवर असतो, पोरगा वाईट नाही, पण गाऱ्हाणं त्याला येत नाही. महिपत म्हणाला, येत नाही तर काय झालं, त्याने मोबाईलमध्ये लिहून घेतलंय. आणि तुझा आम्ही सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, मानपत्र. म्हटलं, वेळेवर झालेला बरा.

वेळेवर. ऐकलंत? गाठीच्या रिपोर्टात जे नव्हतं ते या माणसाने गालावर वाचलं. आणि हे बोलताना त्याच्या स्वतःच्या गालात तंबाखूची गोळी. खिशात पुडी, चुन्याची डबी, बोट पांढरं. तो माझ्या खिडकीतून खाली थुंकून मला सांगत होता की तू आराम कर.

मला जे बोलायचं होतं ते मी त्याला बोललो. त्याला ऐकू गेलं ऊं. शालनकडे वळून म्हणाला, बघा वहिनी, त्यालाही पटलंय.

तो गेल्यावर मी काड्या पुन्हा हातात घेतल्या. सकाळ-संध्याकाळ काड्या. गरम पाण्याच्या पिशवीने गाल शेकायचा आणि काडी सरकवायची. डोळ्यांतून पाणी यायचं. न्हाणीत जाऊन दार लावून गाऱ्हाण्याची तालीम करायचो, दर वर्षीसारखी. दर वर्षी बाहेर ओट्याजवळ उभी राहून शालन ऐकते आणि कुठे अडलो की पुढचा शब्द टाकते. या वर्षी मी आत ऊं ऊं करायचो आणि ती बाहेरून अख्खं वाक्य म्हणायची, मी बरोबर चाललोय की नाही ते बघायला.

सव्वीस जानेवारीला आम्ही हॉलवर गेलो. मला पुढच्या रांगेत, पंख्याखाली, गादीच्या खुर्चीत बसवलं. लोक येऊन पायाला हात लावून जात होते. पोरं माझ्यासोबत फोटो काढत होती, एकेकाच्या तोंडावर शेवटचा फोटो असल्याचे भाव. मग महिपत भाषणाला उभा राहिला. सखातात्या हे दिलदार व्यक्तिमत्त्व होतं, म्हणाला. त्यांच्या आवाजात देवीचा वास होता, म्हणाला. गावाने एक मोठा आधार गमावला, असं म्हणून थांबला, चष्मा पुसला. मी समोर बसलोय. जिवंत. शाल अंगावर, दाढीला घाम, गालाला रग. दोन बायका मागे मुसमुसायला लागल्या. आता शालन माझं डोकं मांडीवर घेऊन बसते की काय असं सगळ्यांना वाटत असावं.

मग गाऱ्हाण्याची वेळ झाली. सिद्धेश पुढे आला, मोबाईल वर धरला, आणि स्क्रीन काळी. चार्जिंग संपलेलं. तो चार्जर कुणाकडे आहे का म्हणून विचारत फिरू लागला. देवीसमोर नारळ ताटात तसाच. अख्खं गाव हात जोडून ताटकळतंय, आणि पोरगा पिन शोधतोय.

तेव्हा मी उठलो. शाल खाली टाकली. ताटातला नारळ उचलला. महिपत पुढे धावला, पण तोवर पहिलं वाक्य निघालं होतं, आणि पहिलं वाक्य निघालं की कायदा लागू.

"हे देवी म्हाराजा, तुझी करंजकोंडची लेकरं तुझ्या पायाशी आली हाईत."

व्हय म्हाराजा, हॉल म्हणाला. सवयीने.

"दिवाळीत ह्या माणसाच्या जबड्यात गाठ झाली. ती पाण्याची व्हती. डॉक्टरने कापली, तपासली, साधी निघाली."

इथे जरा थबकले सगळे. एकमेकांकडे बघितलं. पण व्हय तर म्हणायलाच हवं. व्हय म्हाराजा.

"ह्याने जन्मात तंबाखूला बोट लावलं न्हाय."

व्हय म्हाराजा.

"ज्यांनी लावलं ते कोण हाईत ते तुला ठावं हाय. त्यांचे गाल तू सांभाळ."

पुढच्या रांगेत पाच-सहा जणांना तोंडातली गिळायची की थुंकायची हा प्रश्न पडला. महिपतने गिळली. व्हय म्हाराजा.

"भेटायला म्हणून आली आणि चुलीपाशी येऊन स्टेज विचारून गेली, त्या माणसांना थोडी लाज दे."

व्हय म्हाराजा. आवाज जरा बारीक.

"खरा कागद दाखवला त्यालाही खोटा म्हणाली, त्यांना अक्षर वाचायची बुद्धी दे."

व्हय म्हाराजा. यात बाळकुमच्या मावसभावाचा आवाज मी स्पष्ट ऐकला. पाहुणा म्हणून आला होता.

"सूज ही सूज हाय, म्हाराजा. ती पाहुणी हाय. आज न्हाय तर उद्या ती जाईल. तवर ह्या गालाकडं बघून जितेपणी कुणाला शाल घालायची घाई झाली असंल, तर ती घाई उतरव."

आता मागच्या बायका हसायला लागल्या होत्या, आणि हसत हसत व्हय म्हणत होत्या. सगळ्यांत मोठ्याने त्याच. महिपत लाल झाला होता, पण ओठ हलत होते.

"आणि हा नारळ आज ज्याच्या हातात हाय, त्याचं बोलणं सरेपर्यंत त्याच्याच हातात राहू दे. दुसऱ्या कुणी हात घातला तर तू बघून घे."

व्हय म्हाराजा! सगळा हॉल. छताचे पंखे हलले. महिपतसुद्धा म्हणाला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. अध्यक्षाने देवीसमोर होकार दिला, आता त्याला तो मागे घेता येणार नाही. नारळ फोडला, एका घावात. गाऱ्हाणं आमच्या घरात राहिलं. सिद्धेशने येऊन पाय धरले आणि मला शिकवा म्हणाला. पोरगा वाईट नाही, मी आधीच म्हटलं.

आणि तेवढ्यावर थांबलं नाही. नारळ फुटला त्याच क्षणी माझ्या गालातून सुस्स असा आवाज आला आणि सायकलच्या ट्यूबमधली हवा जावी तशी सूज सगळ्या गावासमोर उतरली. पहिल्या रांगेतल्यांच्या केसांना वारा लागला.

भावनाताईंनी माझ्या डाव्या गालाकडे बघितलं. तो अजून उजव्यापेक्षा फुगीर आहे, हे कुणालाही दिसतं. मी म्हटलं, घरी येताना रिक्षात परत आली. थोडीशीच.

तेव्हा शिवानीने ओढणी खाली घेतली. पहिल्यांदाच. दोन्ही गाल फुगलेले, उजवा जास्त, हनुवटीवर पिवळी झाक. ओठ नीट हलत नव्हते तरी तिने एकेक शब्द दाबून विचारलं, "आजोबा, सव्वीस जानेवारीला तुमचं तोंड किती उघडत होतं?"

मी म्हटलं, माणसाला जिद्द हवी, बाळ. जिद्द असली की जबडा...

शालनने पेपराची घडी घातली. चाळीस वर्षांत तिने माझ्या कुठल्याही गोष्टीत तोंड घातलेलं मला आठवत नाही.

"गालाचं काय वाट्टेल ते सांगा," ती म्हणाली. "वारा सोडा, मांजर झोपवा, माझी ना नाही. पण हे खोटं आहे. ह्यांच्या हातात नुसता नारळ होता, आणि ते बाजूला उभं राहून ऊं ऊं करत होते. गाऱ्हाणं मी घातलं. सगळं. पहिल्या वाक्यापासून."